ताटात टाकलेला शब्द

शूटिंग राइट टाउनच्या आमच्या माहेरच्या घरात होणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मी फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं: पाणी. त्याखाली पोहे, कांदे, मीटरवर लोड किती, शेजाऱ्यांना सांगणे, कुत्र्याला मागे बांधणे. सिनेमा करणारी मुलं कॅमेऱ्याचा विचार करतात. सकाळी वीस जणांना तोंड धुवायला पाणी लागेल याचा विचार दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो. आमच्या घरात तो दुसरा माणूस लहानपणापासून मीच.

सिनेमा माझ्या भाच्याचा, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाचा. तो पुण्याहून सिनेमाचं शिकून आलेला. त्याला मराठी समजतं सगळं, पण बोलायला लागला की दुसऱ्या वाक्यात हिंदीत शिरतो. त्याच्या सिनेमात तीन भावांमध्ये वाढणारी एक मुलगी आहे. ती छावणीतल्या सदर वस्तीच्या मैदानावर मुलांच्या हॉकीत गोलकीपर होते आणि हळूहळू त्या मुलांपेक्षा चांगली खेळायला लागते. ती मुलगी मी.

हे सगळं त्याला मीच सांगितलं होतं. मागच्या हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा, फोन ओट्यावर उभा करून ठेवायचा, आणि मी मेथी निवडता निवडता बोलायची. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. तो मध्ये बोलत नसे. एकदाच म्हणाला, "आत्या, जैसा तू बोल रही है ना, वैसाच दाखवणार. एक शब्द नाही बदलणार."

"शब्द देऊ नको," मी म्हटलं होतं. "आमच्या घरात शब्द फार स्वस्त असतो."

तो हसला. त्याला वाटलं आत्या गंमत करते.

आमच्या घरात शब्द स्वस्त कसा झाला ते सांगते. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ताटात पैसे टाकतात. आमचे वडील कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांना हा प्रकार पटत नसे. मुलं त्यांच्याकडूनच पैसे मागून घेणार, तेच माझ्या ताटात टाकणार, आणि संध्याकाळी आई तेच डब्यात ठेवणार. "माझेच पैसे माझ्याच घरात कशाला फिरवता?" असं ते म्हणायचे. मग आईने तोड काढली. ज्याची कमाई नाही त्याने ताटात शब्द टाकायचा. नियम तिनेच केले. स्वतःच्या हातात असेल तेच द्यायचं, पुढच्या दिवाळीच्या आत द्यायचं, आणि एकदा ताटात पडलं की परत उचलायचं नाही.

त्यामुळे आमची भाऊबीज म्हणजे मोठी करमणूक असायची. मी पाटाभोवती रांगोळी काढायची आणि वयाप्रमाणे एकेकाला ओवाळायची. आधी थोरला, मग मधला, मग धाकटा. हा क्रम कधी मोडला नाही.

"तुझ्या सायकलचं पंक्चर वर्षभर मी काढीन," थोरला म्हणायचा.

"रॉकेलच्या लाइनीत तुझ्याऐवजी मी," मधला.

धाकटा माझ्याहून लहान. त्याच्या हातात काही नसायचं. "ताई, तुझ्या वाटचं कारलं मी खाईन," तो म्हणायचा, आणि खरंच खायचा, डोळ्यांत पाणी आणून.

तिघांनीही शब्द पाळले, एवढं लिहायला हवं. त्यांनी पाळले म्हणूनच मी पुढचा मागितला.

गोलकीपर मी आवडीने झाले नाही. गोलमध्ये उभं राहायला कोणालाच आवडत नाही, बॉल पायावर बसतो. फौजी घरांतली पोरं मैदानावर माझ्या भावांना खेळायला घेत, पण अट घालत, गोलकीपर तुमचा आणा. एके दिवशी थोरला घरी येऊन म्हणाला, "बाई, चल जरा. उभं राहायचं आहे फक्त." पॅड कुठून आणणार? मधल्याने आईची फाटकी रजई कापली, आत बांबूच्या कामट्या घातल्या आणि दाभणाने सुतळी ओवून माझ्या मापाचे पॅड शिवले. त्याच्या बोटांना भोकं पडली होती. ते पॅड बांधून मी चालायला लागले की पोरं ओरडायची, "ए, गादी आली, गादी!" मग बॉल अडायला लागले आणि गादी म्हणणं बंद झालं.

मुलींच्या शाळांच्या सामन्यांत एका सरांनी मला पाहिलं. राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडत होते, भोपाळला, महिनाभराचं. माझी निवड झाली. वडिलांची सही लागणार होती. ते 'नाही' म्हणणार हे मला माहीत होतं, पण एक गोष्ट त्यांच्याबद्दल खरी होती. मुलांचं ऐकत. मुलगे एका तोंडाने काही बोलले की ते विचार करत.

म्हणून त्या भाऊबीजेला मी पाटावर बसलेल्या तिघांकडून एकच गोष्ट मागितली. बाबांनी विचारलं की म्हणायचं, जाऊ द्या हिला. बस.

थोरल्याने ताटावर हात ठेवला. "दिला शब्द. मीच बोलीन आधी."

मधला म्हणाला, "हे काय मागणं झालं? हे तर असंच केलं असतं."

धाकट्याने दोन्ही भावांकडे पाहिलं आणि मान हलवली.

नंतरच्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर वडिलांनी शिबिराचा, सहीचा कागद पुढे ठेवला. सगळे स्वयंपाकघरातच होतो. आईचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ती भिंतीला टेकून बसली होती. वडील म्हणाले, "तुम्ही रोज हिच्याबरोबर खेळता. सांगा, पाठवायची का?"

मी थोरल्याकडे पाहिलं. तो स्टोव्हकडे पाहत होता. मग म्हणाला, "खेळते चांगली. पण आईचं ऑपरेशन आहे, बाबा. घरी कोण पाहीन?"

मधला उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झालेली होती. त्याने सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

वडिलांनी कागदाची घडी केली.

घरी कोण पाहीन, याचं उत्तर त्या खोलीत धडधाकट बसलेलं होतं, तीन जण. पोळ्या लाटता न येणं हा काही आजार नव्हता. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मला एवढंच कळलं की आईच्या नियमांत एक नियम राहून गेला होता. शब्द पाळला नाही तर काय करायचं, हे तिने सांगितलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी थोरला दारात उभा. "चल बाई, गोलला कोणी नाही." जसं काही झालंच नव्हतं. आणि मी गेले. त्या दिवशी माझ्या मागे एकही बॉल गेला नाही. पुढच्या आठवड्यात आई दवाखान्यात गेली, मी स्वयंपाकघरात गेले, आणि पॅड माळ्यावर.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं होतं. स्टोव्ह, नाडी, घडी. त्याने ऐकून फोन बंद केला आणि बराच वेळ मेथीच्या काड्या गोळा करत बसला. मला वाटलं, समजलं याला.

शूटिंग झकास चाललं. रजईचे पॅड मी माळ्यावरून काढून दिले, वाळवीने एका बाजूने खाल्लेले. वाती बदललेला स्टोव्ह दिला. जी मुलगी माझं काम करत होती तिला गुडघे कसे वाकवायचे ते दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी माझाच गुडघा धरला. सकाळी पोहे आणि खोव्याची जिलेबी, दुपारी वरण-भात. स्वयंपाकघरातलं दृश्य घेतलं त्या दिवशी मी मागच्या अंगणात चूल मांडली होती, त्यामुळे ते तेवढं पाहायचं राहिलं. भाऊ रोज खुर्च्या टाकून बसायचे आणि स्वतःचं बालपण पाहून खूश व्हायचे.

"आपण इतके काळे होतो का बे?" मधला विचारायचा.

"तू होता," थोरला म्हणायचा.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी भाचा म्हणाला, "आत्या, उद्या तू आराम कर. स्टेशनवर छोटासा शॉट आहे, आजोबा ड्यूटीवर जातात तो. भीड में तू थक जाएगी." मला बरंच वाटलं. घरीच सगळ्यांसाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली, लोणच्याच्या पुड्या वेगळ्या बांधल्या, आणि डबे ऑटोने मदन महल स्टेशनवर पाठवून दिले.

दिवाळीच्या आधी आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. खुर्च्या मोजून लावणं, चहा, पंखे, ते मीच पाहिलं. अंधार झाला आणि पडद्यावर ओळ आली: माझ्या आत्याची खरी गोष्ट. शेजारच्या बाईने माझा हात दाबला.

सिनेमा चांगला झाला होता. हे मला म्हणावंच लागतं. कारलं होतं, दाभण होतं, गादी होती. भाऊबीज तर अशी की लोक खुर्चीत डोलत होते. मग रविवारची सकाळ आली. चहा, कागद, भिंतीला टेकलेली आई. पडद्यावरचे वडील म्हणाले, पाठवायची का?

आणि पडद्यावरचा थोरला भाऊ उठून उभा राहिला. "जाऊ द्या बाबा. घर आम्ही पाहू." मधला उठला. धाकटा उठला. पुढच्या दृश्यात मदन महल स्टेशन, धुकं, तिघं भाऊ सायकली पळवत येतात, मुलीला गाडीत बसवतात. गाडी सुटते. मुलगी खिडकीतून रजईचे पॅड हलवते आणि तिघं प्लॅटफॉर्मवर धावतात, टोकापर्यंत.

हॉलमध्ये टाळ्या. मला मात्र त्या फलाटावर सुटीच्या वेळी माझ्या पुऱ्या खाल्ल्या गेल्या असतील, एवढंच दिसत होतं. खोट्याला शिदोरी मी बांधून दिली होती.

दिवे लागले तेव्हा थोरला माझ्याकडे आला. त्याचे डोळे ओले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काय थंडी होती बाई त्या दिवशी स्टेशनवर. आठवते ना?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलताना तो कान खाजवतो, लहानपणापासून. त्याने कान खाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घरी बोलावलं. पोह्यांची बशीही पुढे ठेवली नाही, यावरून तो समजला.

"आत्या, मी तू सांगितलं तसंच लिहिलं होतं. कसम से. मग बाबांनी वाचलं. ते बोलले, असं झालंच नाही. आम्ही सोडायला गेलो होतो."

"बाकीच्या दोघांना विचारलं?"

"विचारलं ना. काका बोलले, दादा सांगून राहिले तर तसंच असेल. छोटे काका बोलले, मैं तो छोटा था, पण ताई गेली होती बहुतेक."

"आणि मला?"

तो हातातला फोन उलटसुलट फिरवायला लागला.

"मला काहून नाही विचारलं?"

"मला वाटलं तू हर्ट होशील," तो म्हणाला. मग खरं कारण आलं. "आणि आत्या, तसा एंड बघून लोक काय घेऊन जाणार? एक लडकी रोटी बना रही है, खतम?"

"हो," मी म्हटलं. "खतम."

स्टेशनच्या दिवशी आजोबांची ड्यूटी दाखवायची आहे असं सांगून मला घरी बसवलं, त्याबद्दल मी विचारलं नाही. त्याचं तोंडच सांगत होतं. दिवाळीनंतर सिनेमा कुठल्याशा महोत्सवाला जाणार होता, त्या ओळीसकट. तिथून लोक बघणार, आमच्या घरातली नवी पोरं बघणार. मी गेल्यावर माझी गोष्ट म्हणून तीच राहणार. शिबिराला न गेलेली मुलगी कुठेच उरणार नव्हती. एकदा तिला भोपाळची गाडी मिळाली नव्हती, आता तिची न मिळालेली गाडीही काढून घेत होते.

रडायला वेळ नव्हता. भाऊबीज चार दिवसांवर आली होती.

आता भाऊ कमावते आहेत, त्यामुळे ताटात पाकिटं पडतात. यंदाही थोरल्याच्या घरी पाट मांडले, रांगोळी काढली. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू, सगळं हाताशी. फराळ टेबलावर. थोरल्याने खिशातून पाकीट काढलं.

"पाकीट ठेव खिशात," मी म्हटलं. "यंदा शब्द हवा आहे. आईच्या नियमाने."

तिघं हसले. "अरे वा! पंक्चर काढायचं का?" मधला म्हणाला.

"पडद्यावरची ती ओळ काढायची. माझ्या आत्याची खरी गोष्ट, ती."

हसू थांबलं. भाचा सोफ्यावर बसला होता, त्याने मान खाली घातली.

"अगं, चांगलंच तर दाखवलं," थोरला म्हणाला. "तुला हिरोइन केलं. लोक रडले."

"केलं ना. छान केलं. ओळ काढा."

"आम्हाला व्हिलन काहून करून राहिली तू? आम्ही काय वाईट केलं तुझं?"

"नका होऊ व्हिलन. स्टेशन ठेवा, धुकं ठेवा, धावा तुम्हाला जितकं धावायचं आहे तितकं. फक्त त्याला माझी गोष्ट म्हणू नका."

 थोरला हात झटकल्यासारखं करून म्हणाला, "ठीक आहे बाबा. दिला शब्द. दिवाळी होऊ दे, सांगतो याला."

किती पटकन दिला. तेव्हाही असाच दिला होता, ताटावर हात ठेवून.

"नाही," मी म्हटलं. "आधी काम, मग ओवाळणी." आणि भाच्याला सांगितलं, "लॅपटॉप आण."

तो बापाकडे पाहत उभा राहिला. बापाने मान हलवली तेव्हा आत गेला. चकलीचा डबा सरकवून मी टेबलावर जागा केली. त्याने सिनेमा उघडला, ती ओळ शोधली, पुसली. काळा पडदा तसाच राहिला. मग म्हणाला, आता सगळा सिनेमा पुन्हा तयार व्हायला वेळ लागेल. एक निळी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकायला लागली.

"होऊ दे," मी म्हटलं आणि निरांजनात तूप घातलं.

तिघं भाऊ पाटावर तसेच बसले होते, टोप्या घालून. कोणाला उठता येईना. वहिनी आत जाऊन काही तरी तळायला लागली. धाकट्याने शेवटी तोंड उघडलं. त्याचेही केस आता पांढरे आहेत, पण प्रश्न विचारताना तो अजून मान तिरकी करतो.

"ताई, पण मग तू भोपाळला गेली केव्हा?"

"नाही गेले."

"म्हणजे, कधीच नाही?"

"कधीच नाही. दादाला विचार."

त्याने दादाकडे पाहिलं. अगदी त्या रविवारसारखं. दादा पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. मला वाटलं आता तो म्हणेल, आठवत नाही. किंवा म्हणेल, आईचं ऑपरेशन होतं.  पण त्याचा उजवा हात वर गेला आणि त्याने कान खाजवला.

"नाही गेली ती," मधला म्हणाला. आवाज इतका हळू की तळणाच्या आवाजात जेमतेम ऐकू आला. "मी नाडी बांधत होतो."

म्हणजे त्याला आठवत होतं. मी भाच्याला नाडीचं सांगितलं होतं, पण सिनेमात नाडी नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या आठवणीतून आली. इतकी वर्षं आठवत होतं, आणि भाच्याने विचारलं तेव्हाही आठवत होतं, आणि तरी तो म्हणाला होता, दादा सांगून राहिले तर तसंच असेल. न आठवणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. आठवणाऱ्यावर येतं. माझे पॅड ज्याने शिवले त्याच्यावर मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला.

निळी रेघ टोकाला पोचली. भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी सुरुवात पाहिली. काळा पडदा, मग थेट मैदान, मुलांचे आवाज. कोणाची गोष्ट, ते कुठेच नाही.

"झालं?" थोरल्याने विचारलं.

"झालं."

मी ताट उचललं. सवयीने पाय थोरल्याच्या पाटाकडे वळले, आणि तोही सवयीने टोपी सरळ करून पुढे सरकला. मी त्याच्यासमोरून गेले आणि मधल्यापुढे बसले. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याने मान वर केली नाही.

"वर बघ," मी म्हटलं. "ज्योत लागेल टोपीला."